काजळीचा व्रण

मनुष्यदेहाचे कांहीं भाग असे आहेत कीं, त्यांविषयीं चारचौघांत बोलणें सभ्यपणास सोडून समजलें जातें. ही मर्यादा समाजास आवश्यक आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु सभ्यपणाच्या या मौनाचा रोगानें एकदां आश्रय घेतला, म्हणजे परिणाम किती भयंकर होतो, याचें एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत नमूद आहे. पुरुषाच्या वृषणकोशाच्या त्वचेवर होणारा एक कर्करोग तेथें शंभराहून अधिक वर्षें गरीब कामकऱ्यांचे प्राण घेत राहिला. त्याचें कारण १७७५ सालींच सांगितलें गेलें होतें. उपायही महागडा नव्हता. रोजचें पाणी आणि अंगभर वस्त्र एवढ्यांतच तो होता. तरीही तो अमलांत यावयास शंभर वर्षेंही पुरीं पडलीं नाहींत. असें कां झालें, ही हकीकत मनन करण्यासारखी आहे.

हिचा प्रारंभ पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यापासून होतो. पॉटचा जन्म लंडनमध्यें १७१४ सालीं झाला, व तेथील सेंट बार्थोलोम्यू नांवाच्या पुरातन इस्पितळांत तो १७४९ पासून १७८७ पर्यंत शस्त्रवैद्य होता. गृहस्थ मोठा धीराचा. १७५६ सालीं घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला आणि हाड कातडें फाडून बाहेर आलें. त्यानें कोणास आपल्या अंगाला हात लावूं दिला नाहीं. रस्त्यावर तसाच पडून राहून त्यानें मेणा वाहणारे दोन भोई बोलाविले, एक दरवाजा विकत आणविला, त्याला दांडे ठोकविले आणि त्या दरवाज्यावर निजून तो घरीं पोंचला. पाय कापून टाकण्याची तयारी झाली होती. परंतु त्याचे गुरु एडवर्ड नर्स यांनीं थोडा धीर धरण्याची सल्ला दिली आणि पाय वाचला. त्या सक्तीच्या विश्रांतींत पॉटनें अंतर्गळावर ग्रंथ लिहिला. पाठीच्या कण्याच्या क्षयास डॉक्टर मंडळी आजही पॉटचेंच नांव देतात. बारकाईनें पाहावें, पाहिलेलें साध्या भाषेंत लिहावें, हा त्याचा स्वभाव होता.

१७७५ सालीं त्याचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत मोतीबिंदु, अंतर्गळ, पायाच्या बोटांचें कुजणें अशा विषयांच्या मध्येंच अवघ्या कांहीं पानांचें एक प्रकरण आहे. तें धुराडीं साफ करणाऱ्या लोकांच्या वृषणकोशावर होणाऱ्या कर्करोगाविषयीं होय. अमुक एक धंदा केल्यानें अमुक एक कर्करोग होतो, असें वैद्यकाच्या इतिहासांत स्पष्टपणें दाखवून देणारा हा पहिला लेख मानला जातो.

आतां धुराड्यांचा आणि देहाच्या या झांकलेल्या भागाचा संबंध काय, हें समजण्यास त्या वेळचें लंडन डोळ्यांसमोर आणिलें पाहिजे. आपल्याकडे चुलीचा धूर कौलांतून किंवा खिडकींतून बाहेर जाई. इंग्लंडच्या थंडींत मात्र खोलीखोलींतून शेगडी आणि प्रत्येक शेगडीला भिंतींतून वर जाणारें धुराडें असे. १६६६ सालच्या मोठ्या आगींत लंडन जळालें व नवें शहर उभें राहिलें. लांकडाच्या जागीं दगडी कोळसा जळूं लागला. कोळशाला धुराडें अरुंद लागतें आणि त्याची काजळीही चिकट व दाट असते. उंच घरांतून हीं धुराडीं वांकडींतिकडीं वळणें घेत वर जात. कित्येकांची आंतील रुंदी नऊ इंच आणि लांबी चौदा इंच, तर कांहींची दोन्ही बाजूंनीं नऊच इंच. एवढ्या बिळांत मोठा माणूस शिरणें शक्य नव्हतें. मग त्यांत शिरे कोण? पोर शिरे.

हीं पोरें बहुधा अनाथ, नाहीं तर अत्यंत दरिद्री घरांतील असत. गांवच्या धर्मादाय पंचांना पोरक्या मुलांचा खर्च नकोसा होई. धंद्यांतील उस्ताद अशा मुलांना उमेदवार म्हणून पदरीं घेई. चार-पांच वर्षांच्या मुलांनाही या कामाला लावल्याचीं उदाहरणें आहेत. कोंपर आणि गुडघे धुराड्याच्या भिंतींना टेंकीत टेंकीत मूल वर चढे आणि काजळी खरडून खालीं पाडी. कपडे अडकूं नयेत म्हणून पुष्कळदां तें उघडेंच चढे. कोंवळी कातडी सोलून रक्त येई. त्यावरचा उतारा असा कीं, धगधगत्या विस्तवापाशीं उभें करून कोंपरांवर व गुडघ्यांवर कडक मिठाचें पाणी चोळावयाचें, म्हणजे कातडी निबर होते! ही हकीकत कोणा कादंबरीकारानें रचलेली नाहीं. १८६३ सालीं बालकामगारांच्या चौकशीसाठीं बसलेल्या सरकारी मंडळापुढें धंद्यांतल्याच एका उस्तादानें ती सांगितली आहे. रात्रीं अंथरूण म्हणजे काजळीचीं पोतीं, पांघरूण म्हणजेही तींच. स्नान आठवड्यास एकदां घडलें तर नशीब. कित्येकांना तें वर्षांतून दोन-तीन सणांनाच घडे.

काजळी अंगभर बसे. पण तोंडावरची पुसली जाई, हातांवरची थोडीफार घासली जाई. मांड्यांच्या सांध्यांत व वृषणकोशाच्या सुरकुत्यांत बसलेली मात्र घामाबरोबर कालवून तेथेंच मुरे. आज ती, उद्यां ती, अशीं वर्षेंच्या वर्षें. मूल मोठें होई, धुराड्यांत मावेनासें होई, कधीं धंदाही सोडून देई. आणि मग ऐन तारुण्यांत किंवा त्यानंतर वृषणकोशाच्या खालच्या बाजूस एक लहानसा खरबरीत फोड उठे. धंद्यांतील लोक त्याला काजळीचा चामखीळ म्हणत. कांहीं दिवसांनीं त्याचा कडा वर आलेला, ठणकणारा व्रण होई. पुढें तो वृषणांत शिरे, जांघेंतील गांठींत जाई, पोटांत चढे, आणि रोगी तळमळून मरे.

पॉटनें या रोगाचें वर्णन करतांना एक गोष्ट मोठ्या मार्मिकपणें टिपली आहे. हा व्रण वयांत येण्यापूर्वीं दिसत नसे, आणि दिसे तो असल्या जागीं. त्यामुळें रोगी आणि वैद्य दोघेही त्याला गरमीचा, म्हणजे व्यभिचारानें जडलेला रोग समजत. गरमीवर त्या काळीं पारा देत. पाऱ्यानें हा व्रण बरा तर होत नसेच, उलट अधिक चिडून झपाट्यानें पसरे. एका निरपराध माणसाच्या माथीं प्रथम कलंक यावयाचा, मग विषासारखें औषध यावयाचें आणि शेवटीं मृत्यु यावयाचा! ज्यानें बालपणीं दुसऱ्याच्या घराचा धूर मोकळा केला, त्याला त्या कामाचें हें वेतन मिळे. पॉट हा भावनाविवश होणारा लेखक नव्हे. पण या मुलांच्या दैवाविषयीं लिहितांना त्याच्या लेखणीला करुणा आवरलेली नाहीं.

उपाय म्हणून पॉटनें सांगितलें कीं, व्रण लहान असतांनाच तो भाग कापून काढावा. एकदां तो आंत शिरला म्हणजे शस्त्राचाही उपयोग नाहीं. ईथरनें भूल देतां येते हें तेव्हां माहीत नव्हतें. तें शस्त्रक्रियेंत सर्वमान्य झालें १८४६ नंतर. तेव्हां वेळेवर वैद्याकडे जाणें म्हणजे शुद्धींत राहून चाकू सोसणें होतें. लाज एकीकडे आणि भीति दुसरीकडे. मधल्या मधें रोग वाढत जाई.

नेमकी हीच त्वचा रोगाला कां बळी पडे, याचें उत्तर आजचें शास्त्र देऊं शकतें. वृषणकोशाची कातडी शरीरांतील अत्यंत पातळ कातड्यांपैकीं एक आहे. ती थंडींत आकसते, उष्म्यांत सैल होते, तिला घड्या फार, घाम फार आणि वारा कमी. शिवाय बाहेरचा पदार्थ शोषून घेण्याची तिची शक्ति विलक्षण आहे. १९६७ सालीं अमेरिकेंत फेल्डमन व मायबाख या दोघांनीं हायड्रोकॉर्टिझोन हें औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून तें किती शोषलें जातें याचें मोजमाप केलें. हाताच्या कोंपराखालील भागाशीं तुलना करतां वृषणकोशावरून तें सुमारें ४२ पट शोषलें गेलें. हाताला जें सोसतें, तें या त्वचेला सोसेलच असें नाहीं, हा त्याचा अर्थ.

पॉटच्या लेखानंतर सारें इंग्लंड खडबडून जागें झालें असेल, असें वाटण्याचा संभव आहे. तसें कांहीं झालें नाहीं. जोनास हॅनवे नांवाच्या एका दयाळू व्यापाऱ्यानें या मुलांचा कैवार घेतला. लंडनमध्यें छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून लोक ज्याची थट्टा करीत, तोच हा हॅनवे. १७८६ सालीं तो वारला, आणि त्याच्या चळवळीचें फळ म्हणून १७८८ सालीं पार्लमेंटनें कायदा केला. आठ वर्षांखालील मुलास उमेदवार घेऊं नये आणि आठवड्यांतून निदान एकदां उस्तादानें त्याचें अंग स्वच्छ धुववावें, अशा त्यांत अटी होत्या. परंतु पाहणारा कोण? कायद्याला ना तपासनीस, ना शिपाई. तो कागदावर राहिला आणि काजळी अंगावर राहिली.

१८०३ सालीं जॉर्ज स्मार्ट यानें पोकळ कांड्या एकांत एक बसवून त्यांना ब्रश लावण्याचें यंत्र काढलें. मुलाला वर चढविण्याची गरजच उरली नाहीं. तथापि घरमालकांना यंत्रानें गालिचे खराब होतील अशी धास्ती, वळणांचीं धुराडीं बदलावयाचीं तर गवंड्याचा खर्च, आणि पोर तर स्वस्त! १८४० सालीं एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढवूं नये असा कायदा झाला. तोही सर्रास मोडला जाई. १८६३ सालीं चार्ल्स किंग्स्ले यानें अशाच एका पोराला नायक करून ‘वॉटर बेबीज’ ही मुलांची कथा पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, आणि सुखवस्तु घरांतील आयांना आपल्या दिवाणखान्याच्या भिंतींत काय चाललें आहे याची जाणीव झाली. पुढल्याच वर्षीं आणखी एक कायदा आला. अखेर १८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळील एका इस्पितळाच्या धुराड्यांत जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. त्याला काढण्यासाठीं भिंत फोडावी लागली. पण तो वांचला नाहीं. या मुलाच्या मृत्यूचा आधार घेऊन लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं त्याच वर्षीं नवा कायदा मंजूर करून घेतला. धंद्याला परवाना व परवान्यावर पोलिसांची नजर अशी व्यवस्था झाली, तेव्हां कोठें मुलांचें चढणें थांबलें. पॉटच्या लेखाला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

मुलें चढण्याचीं थांबलीं तरी रोग मात्र थांबला नाहीं. मोठीं माणसें काजळींत काम करीतच होतीं, आणि पूर्वीं चढलेलीं मुलें आतां प्रौढ झालीं होतीं. परंतु यांत एक कोडें होतें. धुराडीं तर साऱ्या युरोपांत आहेत. मग हा रोग इंग्लंडच्याच वांट्याला एवढा कां यावा? पॉटच्याच इस्पितळांतील शस्त्रवैद्य हेन्री बटलिन यांनीं या प्रश्नाचा पिच्छा पुरविला आणि १८९२ सालीं तीन व्याख्यानें देऊन त्याचा उलगडा केला. जर्मनी, बेल्जम इत्यादि देशांतले धुराडेवाले मानेपासून पायांपर्यंत अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालीत. काजळीला आंत शिरण्यास वाव कमी. आणि काम संपल्यावर ते रोज सर्वांग धूत. डेन्मार्कमध्यें तर पॉटचा लेख निघाल्यावर तीनच वर्षांनीं, १७७८ सालीं, धुराडेवाल्यांच्या संघानें आपल्या लोकांना रोज स्नान करण्याचा उपदेश केला होता. इंग्रज धुराडेवाला सैल कपडे घाली आणि आठवड्यानें, पंधरवड्यानें अंग धुई. सारा फरक एवढाच. ज्या देशांत रोगाचें कारण सांपडलें त्या देशानें ऐकलें नाहीं. शेजाऱ्यांनीं तें ऐकलें आणि ते सुखी झाले.

पुढें धुराडेवाले कमी झाले. पण रोगानें दुसरे धंदे धरले. १८७५ सालीं जर्मनींत फोल्कमान यांनीं डांबर व पॅराफिन यांच्या कारखान्यांतील मजुरांत, आणि १८७६ सालीं एडिंबरो येथें जोसेफ बेल यांनीं खनिज तेलाच्या कामकऱ्यांत तोच व्रण पाहिला. शेरलॉक होम्स हें पात्र ज्यांच्यावरून सुचलें ते हेच डॉक्टर बेल. मँचेस्टरच्या आसपास सूत कातणाऱ्या गिरण्यांत चात्यांना खनिज तेल घालीत. त्याचे बारीक शिंतोडे कातकऱ्याच्या विजारीवर नेमके जांघेपाशीं उडत, आणि तेलानें ओलें झालेलें कापड दिवसभर त्वचेला घांशीत राही. सदम व विल्सन या डॉक्टरांनीं १९२२ सालीं मँचेस्टरच्या मोठ्या इस्पितळांतील वृषणकोशाच्या कर्करोगाचे १४१ रोगी मोजले. त्यांपैकीं ६९ सूतकातकरी होते. हें थांबविण्यासाठीं चात्यांना निर्धोक तेलच वापरलें पाहिजे असा नियम इंग्लंडांत १९५३ सालीं झाला.

मधल्या काळांत प्रयोगशाळेनेंही पॉटच्या म्हणण्याला पुरावा दिला. १९१५ सालीं जपानांत यामागिवा व इचिकावा या दोघांनीं सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचें डांबर फासून तेथें कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९२२ सालीं इंग्लंडांत पॅसी यांनीं काजळीच्या अर्कानें उंदरांत तेंच सिद्ध केलें. नंतर लंडनमध्यें केनवे यांच्या सहकाऱ्यांनीं दोन टन डामर गाळून त्यांतून बेंझोपायरिन हें द्रव्य वेगळें केलें व १९३३ सालीं तें जाहीर केलें. पॉटनें केवळ डोळ्यांनीं ओळखलेल्या शत्रूला दीडशें वर्षांनंतर नांव मिळालें.

महाराष्ट्राला या कथेंतून एक धागा जोडतो. मुंबईच्या टाटा स्मारक इस्पितळांतील डॉक्टर वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनीं १९४५ सालीं आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह, लोकांच्या चालीरीतींशीं निगडित अशा कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत धोतराच्या कर्करोगाचें वर्णन आहे. कमरेला एकाच जागीं वर्षानुवर्षें घट्ट आंवळलेलें धोतर, त्याखालचा घाम आणि घर्षण यांनीं तेथील त्वचा जाड होते, तिचा रंग उडतो आणि क्वचित् पुढें तेथें व्रण होतो. येथें काजळी नाहीं, तेल नाहीं. पण झांकलेल्या त्वचेची वर्षानुवर्षें होत असलेली कुरकुर कोणी ऐकली नाहीं, एवढें साम्य आहेच. हा कर्करोग विरळा. धोतरानें भिण्याचें कारण नाहीं. मात्र गांठ रोज त्याच जागीं करकचून आंवळूं नये, इतकें शहाणपण त्यांतून घ्यावें.

या सर्व इतिहासाचें सार घरांतील कर्त्या माणसांनीं मुलांना सांगण्याजोगें आहे. देहाचा हा भागही इतर भागांसारखाच रोज धुवावा. पण तो धुण्याची रीत सौम्य असावी, कारण कातडी निबर करणारें मिठाचें पाणी आणि कातडी ओरबाडणारा तीव्र साबण हे एकाच जातीचे शत्रु आहेत. साधें कोमट पाणी, लागलाच तर मऊ साबण, बोटांचा हलका स्पर्श, मग घड्यांतील ओल टिपून कोरडें करणें आणि सैल सुती वस्त्र, एवढ्यानें भागतें. दगड, काथ्या, जंतुनाशक अर्क, सुगंधी द्रव्यें यांचें तेथें काम नाहीं. लहान मुलाची अग्रत्वचा धुण्यासाठीं बळें मागें ओढूं नये. ती वयाबरोबर आपोआप सुटते. मुंबईच्या दमट हवेंत जांघेंत गजकर्ण होणें नित्याचें आहे. त्यावर शेजाऱ्यानें सांगितलेलें मलम आणून चोळणें धोक्याचें. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतें, त्यानें खाज क्षणभर निवते, पण कातडी पातळ होते आणि गजकर्ण फोफावतें. असलीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा निर्बंध भारत सरकारनें २०१८ सालीं घातला, तो याचसाठीं. तेल, डांबर, काजळी यांत काम करणाऱ्यांनीं तेलकट कपडा अंगावर वाळूं देऊं नये, आणि काम संपतांच स्नान करावें.

आणि एखादा फोड, चट्टा किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून आला नाहीं, तर तो झांकून ठेवूं नये. डॉक्टरांना दाखवावा. तो बहुधा साधाच निघेल. वाईट निघाला तरी वेळेवर दाखविलेला व्रण आज भूल देऊन, वेदनेवांचून काढतां येतो. लंडनच्या त्या पोरांना पाणी मिळालें नाहीं, वस्त्र मिळालें नाहीं आणि मोठेपणीं विश्वासानें दाखवावें असा वैद्यही क्वचितच मिळाला. ज्यांच्या घरीं या तिन्ही गोष्टी आहेत, त्यांनीं केवळ लाजेपायीं त्यांना मुकूं नये.